लोणावळ्यात राहायचं, शनिवार-रविवारसकट

तुंगार्ली_नवी
मे महिन्यात तुंगार्लीत कायमचं राहायला येतोय. घरात वयस्कर आईवडील, शाळेत जाणारी मुलगी, एक चारचाकी, एक स्कूटर. ज्याला विचारावं तो म्हणतो, पावसाळ्यात शनिवार-रविवारी दार लावून बसा. तसं राहायचं नाहीये. गावात मजेत राहायचंय. जुन्या रहिवाशांनी कृपया नेमकं सांगा: गर्दीचे दिवस नि वेळा, फाटकासमोर लावलेल्या गाड्या, भाड्याच्या बंगल्यांचा आवाज, घरातली ओल, आणि मुख्य म्हणजे आपण लोणावळा कधी नि कसा अनुभवायचा.

गवळीवाडा
स्वागत आहे. आधी कॅलेंडर घ्या आणि त्यावर खुणा करा, अर्धं काम तिथेच होतं.

जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा प्रत्येक शनिवार-रविवार. त्याला सोमवार किंवा शुक्रवारची सुट्टी जोडून आली की तो तिसरा दिवसही. १५ ऑगस्टच्या आसपासचे दिवस. २४ डिसेंबर ते १ जानेवारी. हे झाले लाल दिवस. मे महिन्यात गर्दी असते पण ती विखुरलेली, पावसाळ्यासारखी एकाच रस्त्यावर तुंबत नाही.

लाल दिवसालाही पूर्ण दिवस वाया जात नाही. सकाळी नऊपर्यंत गाव आपलं असतं. दहानंतर जुन्या हायवेवरून कुमार चौकाकडे रांग लागायला सुरुवात होते, आणि संध्याकाळी पाच ते नऊ हीच रांग उलट दिशेने. भुशी, लायन्स पॉइंट, टायगर पॉइंट, पुढे अँबी व्हॅली, या सगळ्यांना गावातून जाणारा मुख्य रस्ता एकच आहे. तो एकदा भरला की मागचा सगळा गाव थांबतो. म्हणून भाजी, किराणा, औषधं, पेट्रोल, एटीएम ही पाचही कामं गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी उरकायची. गॅसचा दुसरा सिलिंडर जूनआधी भरून ठेवा. आईवडिलांची रोजची औषधं किमान पंधरा दिवसांची जास्तीची असू द्या, कारण घाटात काही झालं की माल पोचायला वेळ लागतो.

लाल दिवशी गावात फिरायला स्कूटरसुद्धा नको, पायीच. तुंगार्लीतून बाजारात चालत जाणारा माणूस गाडीवाल्याच्या आधी पोचतो.

घाटवाट
+१. त्यात भर म्हणजे गर्दीच्या उलट दिशेने जायची सवय लावून घ्या. रविवारी सकाळी पुण्याहून येणारी लोकल दाराला लोंबकळून भरलेली असते. तीच गाडी लोणावळ्याहून परत जाताना जवळजवळ रिकामी. म्हणजे आपण सकाळी मळवली, कामशेत, तळेगाव गाठायचं आणि दुपारी परतायचं. संध्याकाळी पाचनंतर पर्यटकही पुण्याकडेच निघालेले असतात, त्यामुळे तळेगावहून लोणावळ्याला येताना बसायला जागा मिळते. दुपारी लोकल कमी असतात, वेळापत्रक बघूनच स्टेशनवर जा.

मळवली पुढचंच स्टेशन. उतरून एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडला की वीस-पंचवीस मिनिटांत भाजे गाव. लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. लेणं उघडल्या उघडल्या आत पोचलात तर चैत्यगृहात दहा माणसंही नसतात. कार्ल्याला मात्र रविवार आणि मंगळवार टाळा, एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असते. बेडसे तर बारमाही शांत आहे, फक्त शेवटच्या पायऱ्यांसाठी आईवडिलांचे गुडघे धड हवेत.

तुंगार्ली_नवी
हे फारच उपयोगी. फाटकाचं काय? घर बघायला आलो तेव्हाच समोर दोन गाड्या लावलेल्या होत्या.

गवळीवाडा
फाटकासमोर गाडी लागते त्याची दोन कारणं. एक, फाटक बंद असतं आणि आत कुणी राहतं असं वाटत नाही. दोन, फाटकाबाहेरची जागा बरोब्बर एका गाडीएवढी असते.

पहिल्यावर उपाय: पाटी. पण "नो पार्किंग" लिहिलेली पाटी कुणी वाचत नाही, सगळीकडे तीच असते. त्याऐवजी लिहा: "घरात वयस्कर माणसं आहेत. रुग्णवाहिका केव्हाही लागू शकते. कृपया फाटक मोकळं ठेवा." मराठी आणि हिंदी दोन्हीत, अक्षर किमान तीन इंच उंच, पाटी गाडीच्या काचेतून दिसेल अशी म्हणजे जमिनीपासून साधारण चार फुटांवर. कारण सांगितलं की दहातले आठ जण गाडी पुढे घेतात. रात्री दिसण्यासाठी कडेला रेडियमची पट्टी चिकटवा.

दुसऱ्यावर उपाय: फाटकाबाहेरचा जो तुकडा तुमच्या हद्दीत आहे, त्यावर कुंड्या किंवा लोखंडी खांब. चारचाकीची रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास असते. दोन कुंड्यांमधलं अंतर दीड मीटरपेक्षा कमी ठेवलं की गाडी आत शिरतच नाही. स्वतःची गाडी काढताना सरकवता यावी म्हणून कुंड्या चाकांच्या स्टँडवर ठेवा. नगरपरिषदेच्या रस्त्यावर मात्र काही ठेवू नका. ते अतिक्रमण ठरतं, आणि मग तक्रार करायला गेलात तर उलट तुमच्यावरच येतं.

तरी कुणी लावलीच तर टायरची हवा सोडणं, काच खरवडणं हे करू नका. गाडी तिथेच अडकते आणि भांडण वाढतं. नंबरप्लेट दिसेल असा फोटो काढा, वाहतूक पोलिसांना कळवा. जवळच्या टपरीवाल्याला किंवा शेजारच्या बंगल्याच्या माळ्याला विचारा, गाडी कुणाची हे त्याला हमखास माहीत असतं.

पागोळी
आवाजाबद्दल मी लिहितो. भाड्याच्या बंगल्याचा त्रास मालकाला फोन करून सुटत नाही, मालक मुंबईला असतो. सुटतो तो केअरटेकरमार्फत. राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात आजूबाजूच्या प्रत्येक बंगल्याच्या केअरटेकरला भेटा. नाव, नंबर घ्या, तुमचा द्या. तो इथलाच, बहुतेक वेळा मावळातल्याच एखाद्या गावचा असतो. त्यालाही रात्री दोनला जागं राहायचं नसतं. रात्री साडेनऊला त्याला एक साधा निरोप गेला, "दहाला स्पीकर आत घ्यायला सांग रे दादा", की बारा वाजताचं भांडण टळतं. पार्टी रंगात आल्यावर केलेल्या फोनचा उपयोग नसतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दहानंतर न थांबल्यास ११२ ला फोन. फोन करताना बंगल्याचं नाव, गल्लीची खूण आणि आवाज कधीपासून चालू आहे हे तीन मुद्दे सांगा. "कुठेतरी मोठ्याने गाणी चालू आहेत" एवढ्याने गाडी येऊन फिरून परत जाते. मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं अ‍ॅप अंदाजापुरतं ठीक, पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका. एकाच बंगल्याचा त्रास वारंवार होत असेल तर तारीख-वेळेची वही ठेवा आणि चार-पाच घरांच्या सह्यांनी नगरपरिषद व पोलीस ठाणे, दोन्हीकडे लेखी द्या, पोच घ्या.

खिडक्या लावूनही धमधम का येते, हा प्रश्न सगळे विचारतात. काच बारीक आवाज अडवते, बेस अडवत नाही, तो भिंतीतून येतो. म्हणून झोपायची खोली बंगल्याच्या विरुद्ध बाजूला घ्या आणि त्या भिंतीला कपाटं लावा. याहून मोठा खर्च करायची गरज नाही.

घाटवाट
कपाटं लावा, पण भिंतीला चिकटवून नको. इथली ओल पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायला एक पावसाळा जातो.

पागोळी
बरोबर. ओलीचं सविस्तर सांगतो, कारण लोणावळ्याला कंटाळून परत गेलेली माणसं गर्दीपेक्षा बुरशीला जास्त वैतागलेली असतात. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. जुलैत आठ-आठ दिवस ऊन नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात: गच्चीच्या आणि पन्हळीच्या तोंडाशी अडकलेला पाला काढा. बादलीभर पाणी ओतून ते कुठून बाहेर पडतं ते बघा. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीवर झड बसते, तिथे बांबूची चौकट उभी करून ताडपत्री बांधा. ताडपत्री आणि भिंत यांत वीतभर अंतर हवंच. भिंतीला घट्ट बांधलेली ताडपत्री पाणी अडवते पण वारा कोंडते. सप्टेंबरात काढाल तर मागची भिंत काळी.

आत: कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि शक्यतो पश्चिमेच्या भिंतीला नकोच. पूर्वी कपाटात छोटा बल्ब लावून ठेवत. तो उपाय आता चालत नाही, कारण एलईडी तापत नाही. ऊब त्या जुन्या बल्बची असायची. आता ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे मिळतात, एका कपाटात एक. तीन-चार आठवड्यांत पाण्याने भरतो, मग बदलायचा. ते पाणी लाकडावर किंवा कपड्यांवर सांडू देऊ नका, डाग जात नाही. बैठकीच्या खोलीसाठी दिवसाला वीस लिटर ओढणारं डीह्युमिडिफायर पुरतं, पण खिडक्या बंद ठेवून चालवलं तरच. उघड्या खिडकीत ते सगळ्या सह्याद्रीचं पाणी ओढत बसतं.

एक धोक्याची गोष्ट: कपडे वाळवायला कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. त्यातला वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि माणूस झोपेतच जातो. पडवीत, वारा खेळता असेल तिथेच.

सांडवा
ओल, आवाज, फाटक हे सगळं झालं, पण पाण्याबद्दल कुणी बोललं नाही. नव्याने राहायला येणाऱ्याला हे आधी सांगायला हवं.

इथली तळी मौजेसाठी बांधलेली नाहीत. वळवण, लोणावळा, शिरवता ही टाटांची जलाशयं खोपोलीच्या वीजघरासाठी झाली, ते १९१५ मध्ये सुरू झालं. भुशी त्याहून जुनं, रेल्वेने आपल्या पाण्यासाठी बांधलेलं. ज्याला आपण भुशीच्या पायऱ्या म्हणतो तो खरं तर धरणाचा सांडवा आहे. म्हणजे जास्तीचं पाणी जाण्याची वाट. आपण तिथे बसतो तेव्हा पाण्याच्या वाटेत बसतो, हे डोक्यात पक्कं असू द्या.

३० जून २०२४ ला भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तिथे पाणी का वाढतं ते समजून घ्या. वरचा डोंगर उघडा कातळ आहे, पाणी मुरायला माती नाही. वर वीस मिनिटं जोराचा पाऊस झाला की खाली काही मिनिटांत घोट्याएवढं पाणी कमरेला लागतं, आणि खाली त्या वेळी पाऊस पडत असेलच असं नाही.

खुणा अशा: स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं. पाला, काटक्या वाहत येतात. खळखळ होती तिचा घुमल्यासारखा आवाज होतो. यातली एक जरी दिसली तरी सामान सोडून आडवं, जवळच्या उंच काठाकडे जायचं. प्रवाह ओलांडून पलीकडच्या माणसांकडे जायचं नाही, ओलांडतानाच माणूस वाहून जातो. हात धरून साखळी करून मधल्या दगडावर उभं राहणंही चूक. एकाचा पाय सुटला की सगळे जातात.

आता स्थानिक म्हणून आपलं काम. रस्ता विचारायला गाडी थांबली की "मागे धबधब्यावर जाऊ नका, वर पाऊस आहे" हे एक वाक्य सांगा. लोक ऐकतात. सरकारी पाटीपेक्षा गावच्या माणसाचं जास्त ऐकतात. दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. ठिकाणं आणि वेळा दर वर्षी बदलू शकतात, म्हणून ताजा आदेश वाचून ठेवा, पाहुण्यांना चुकीचं सांगितलं जात नाही. अपघात दिसला तर स्वतः उडी मारू नका, ११२ ला कळवा. शिवदुर्ग मित्र या लोणावळ्याच्या बचाव पथकाचा नंबर फोनमध्ये असू द्या. ही मुलं स्वतःची कामं सोडून रात्री-अपरात्री दरीत उतरतात. त्यांना दोर, जुने पण धड तंबू, देणगी, जे जमेल ते द्या.

तुंगार्ली_नवी
सांडव्याचं खरंच माहीत नव्हतं. मुलीला हे असंच समजावून सांगते. आता जरा आनंदाचं पण सांगा ना. इथे राहतो म्हणून मिळतं, पर्यटकाला मिळत नाही, असं काय आहे?

इंद्रायणी_भात
पुष्कळ आहे, ताई. खाण्यापासून सुरुवात करतो.

जूनच्या पहिल्या सरींनंतर आदिवासी बायका रस्त्याच्या कडेला पाल्यावर रानभाज्या मांडून बसतात. शेवळं, भारंगी, टाकळा, फोडशी, कुड्याच्या शेंगा. पर्यटक मक्याच्या कणसाकडे बघत पुढे जातो. सकाळी आठच्या आत जा, नंतर चांगलं संपतं. शेवळं घेतलीत तर त्याच बाईकडून काकडं मागून घ्या, ती आवळ्यासारखी छोटी हिरवी फळं. शेवळाला खाज असते. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं आणि काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ, पण सढळ हाताने. आंबट कमी पडलं की घशाला खवखव. भाव करू नका. एक जुडी गोळा करायला अर्धा दिवस डोंगर चढावा लागतो.

दुसरं, तांदूळ. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं, म्हणजे आपल्या घरचंच. दिवाळीनंतर भात झोडून होतो, डिसेंबर-जानेवारीत ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा घेऊन ठेवा. भात घेऊन गिरणीत भरडून घेतलात तर शंभर किलोला साधारण पासष्ट किलो तांदूळ निघतो, कोंडा नि कणी वेगळी. एक हात पॉलिश सांगा, जास्त केलं की वास जातो. नवा तांदूळ वाटीला दीड वाटी पाण्यातच शिजवा. दोन वाट्या घातलं की गोळा होतो आणि लोक इंद्रायणीला नावं ठेवतात. वर्षभराचा जुना झाला की दोन वाट्या लागतात. मेच्या कडक उन्हात एकदा वाळवून, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भरा, नाहीतर जुलैत सोंडे.

आणि चिक्की. भोर घाटाच्या रेल्वेइतका या पदार्थाचा इथे जुना संबंध सांगतात, घाटात राबणाऱ्या मजुरांचं गूळ-दाणे हे खाणं. पर्यटक बांधलेली खोकी नेतो. आपण मंगळवार-बुधवारी सकाळी, भट्टी चालू असते अशा दुकानात जायचं. तेलाचा हात लावलेल्या ओट्यावर गरम गोळा ओततात, लाटण्याने झरझर पसरतात, आणि कडक व्हायच्या आत, मिनिटभरातच, पट्टीने रेघा मारतात. रेघ उशिरा मारली की वडी वेडीवाकडी फुटते, तो चुरा कमी भावात मिळतो. ताजी चिक्की मोडताना टक् असा आवाज आला पाहिजे. वाकली तर पाक कमी झालाय किंवा ओल लागलीय. पावसाळ्यात अर्धा किलोपेक्षा जास्त घेऊ नका. कागदातून काढून लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात.

घाटवाट
चालण्याचं मी सांगतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा लोणावळा. पहाटे थंडी, हवा स्वच्छ, रस्ते मोकळे. कुरवंडे गावातून नागफणीला तासाभरात पोचता येतं, माथ्याजवळ महादेवाचं छोटं देऊळ आहे. खाली कोकण सरळ पायथ्याशी. याच कुरवंडे घाटातून मुघल सरदार कारतलबखान उतरला आणि १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत महाराजांनी त्याला कोंडला. मुलीला ती वाट वरून बोटाने दाखवता येते. कड्याच्या टोकाला वारा फार असतो, टोपी-ओढणी सांभाळा, मुलीचा हात धरून ठेवा.

तुमच्या दाराशीच राजमाचीची वाट आहे. तुंगार्ली धरणावरून राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर. सगळं जायची गरज नाही. सकाळी सहाला निघून पाच किलोमीटर जायचं आणि नऊला घरी चहा. मेच्या शेवटी ते पहिल्या पावसापर्यंत याच पट्ट्यात काजवे असतात. त्याची गर्दी आता शनिवारी प्रचंड होते, म्हणून सोमवार ते बुधवार, चंद्र नसलेल्या रात्री. वनखात्याचे नियम आधी बघा. गाडी लांब ठेवा, दिवे बंद, टॉर्चला लाल कागद. काजवा लुकलुकतो तो जोडीदाराला खूण म्हणून. हेडलाइटच्या उजेडात ती खूण दिसेनाशी होते. वाट सोडून गवतात उतरू नका, माद्या आणि अळ्या तिथेच असतात, पायाखाली जातात.

गवळीवाडा
माकडांचं राहिलं. खाऊ घालायचं नाही, हे तुम्हाला माहीत असेल, पण पर्यटक घालतात आणि मग ती घरात शिरतात. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी हवी, तीही लोखंडी, प्लॅस्टिकची दोन दिवसांत फाडतात. पाण्याच्या टाकीचं झाकण तारेने बांधा. कचरा रात्री बाहेर ठेवू नका, घंटागाडी आली की तिच्या हातात द्या. समोर आलंच तर दात दिसतील असं हसू नका, नजर रोखू नका, हातातली पिशवी खाली ठेवून मागे सरका.

तुंगार्ली_नवी
सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटचा प्रश्न, थोडा नाजूक आहे. घर घेतल्याचं कळल्यापासून अकरा नातेवाइकांनी जुलैत येतो म्हणून सांगितलंय. सगळे शनिवारी.

इंद्रायणी_भात
नाही म्हणू नका, वार बदला. "शनिवारी या, पण चार तास गाडीतच जातील" असं सरळ सांगा आणि मंगळवार सुचवा. नोकरीमुळे जमत नसेल तर शुक्रवारी रात्री रेल्वेने या, रविवारी सकाळी आठच्या आत परत निघा. गाड्या आणू नका म्हणजे फाटकाचा प्रश्नही नाही. स्टेशनवरून रिक्षा, ठरलेला दर आधी विचारून.

शनिवारी सकाळी सहाला सगळ्यांना उठवून पाऊस आणि धुकं दाखवून आणा, साडेनऊला घरात. मग गरम भजी, नवा असो जुना असो, इंद्रायणीचा भात आणि पिठलं, दुपारी झोप. ज्यांना वेळेचं बंधन नाही त्यांना सप्टेंबरचा शेवटचा आठवडा द्या. पाऊस ओसरलेला असतो, धबधबे अजून वाहतात, लोहगडाच्या माथ्यावर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, आणि मधल्या वारी मळवलीच्या लोकलमध्ये अकराच्या अकरा जणांना बसायला जागा मिळते.

तुंगार्ली_नवी
सप्टेंबरचा शेवटचा बुधवार कळवून टाकते सगळ्यांना. शेवळं मिळाली की इथे फोटो टाकते.